मनाने राजनिष्ठ, विवेकाने प्रजासत्ताकवादी

६ ऑक्टोबर १९२९. बर्लिनच्या रस्त्यांवर दुतर्फा लाखांहून अधिक माणसे शांतपणे उभी होती. राइशस्टाग या संसदभवनातून निघालेली अंत्ययात्रा कोणा सम्राटाची नव्हती, युद्ध जिंकून आलेल्या सेनापतीचीही नव्हती. तीन दिवसांपूर्वी, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी निधन पावलेल्या एका परराष्ट्रमंत्र्याला अखेरचा निरोप देण्यासाठी कामगार, कारकून, दुकानदार आणि विद्यार्थी घराबाहेर पडले होते. गुस्ताव स्ट्रेसमान हे त्या मंत्र्याचे नाव. त्यानंतर तीन आठवडे उलटण्याच्या आतच न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. सव्वातीन वर्षांनी अॅडॉल्फ हिटलर जर्मनीचा चान्सलर झाला. त्या दिवशी आपण केवळ एका माणसाला नव्हे, तर एका कालखंडालाच मूठमाती देत आहोत, याची कल्पना त्या गर्दीतील फारच थोड्यांना असावी.

पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर जर्मनीत स्थापन झालेले वायमार प्रजासत्ताक पुरती १५ वर्षेही टिकले नाही. त्यातील १९२४ ते १९२९ ही पाच-सहा वर्षे तेवढी स्थैर्याची, आर्थिक सावरण्याची आणि विलक्षण सांस्कृतिक बहराची होती. इतिहासकार या काळाला स्ट्रेसमान यांचेच नाव देतात. नवल असे, की ज्या प्रजासत्ताकासाठी त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे खर्ची घातली, त्याची राज्यघटना मंजूर होत असताना त्यांच्या पक्षाने विरोधात मत दिले होते. मनाने ते कैसरचे, म्हणजे सम्राटाचे निष्ठावंत होते.

स्ट्रेसमान यांचा जन्म १० मे १८७८ रोजी बर्लिनच्या आग्नेय भागातील एका साध्या वस्तीत झाला. वडिलांचा बिअर बाटल्यांत भरून विकण्याचा व्यवसाय होता. जोडीला एक छोटे मद्यालयही होते. मोठ्या दारूभट्ट्यांच्या स्पर्धेपुढे असे छोटे व्यावसायिक कसे हतबल होतात, हे गुस्ताव यांनी घरातच पाहिले. पुढे लाइपझिग विद्यापीठात डॉक्टरेटसाठी त्यांनी विषय निवडला तोही बर्लिनमधील बाटलीबंद बिअरच्या व्यवसायाची वाढ हाच. राजकीय विरोधकांनी या प्रबंधाची पुढे आयुष्यभर टिंगल केली. पण छोट्या माणसाच्या गल्ल्यात पैसा येतो कसा आणि जातो कसा, याचे त्यांना असलेले भान या अभ्यासातूनच पक्के झाले होते.

शिक्षण संपल्यावर ड्रेस्डेन येथे चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेत त्यांनी नोकरी धरली आणि १९०२ मध्ये सॅक्सनीतील कारखानदारांची संघटना उभारली. पुढच्याच वर्षी बर्लिनमधील एका सधन ज्यू वंशाच्या उद्योजक घराण्यातील केटे क्लीफेल्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९०७ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, नॅशनल लिबरल पक्षातर्फे ते राइशस्टागवर निवडून गेले.

महायुद्धातील स्ट्रेसमान हे पुढच्या स्ट्रेसमान यांच्याहून अगदी वेगळे गृहस्थ होते. शेजारी देशांचे प्रदेश जर्मनीला जोडावेत, पाणबुड्यांनी शत्रूच्या व्यापारी जहाजांवर निर्बंध न पाळता हल्ले करावेत, अशा मागण्यांचे ते खंदे पुरस्कर्ते होते. सेनानी एरिक लुडेनडॉर्फ यांच्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. १९१८ च्या शरद ऋतूत लष्कराने अचानक हार मान्य केली तेव्हा हा विश्वास कोलमडला. याच भूतकाळामुळे उदारमतवाद्यांच्या नव्या लोकशाहीवादी पक्षाने त्यांना दूर ठेवले. मग स्ट्रेसमान यांनी स्वतःचा जर्मन पीपल्स पार्टी हा पक्ष काढला. उद्योजक, व्यावसायिक आणि सरकारी अधिकारी हा त्याचा मुख्य आधार. १९२० मध्ये बर्लिनमध्ये उजव्या बंडखोरांनी सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला, तेव्हाही स्ट्रेसमान यांची भूमिका सुरुवातीला कुंपणावरचीच होती.

त्यांना बदलवले ते पुस्तकी तत्त्वज्ञानाने नव्हे, तर घटनांनी. शस्त्रसंधीवर सही करणारे माथियास एर्त्सबर्गर यांची ऑगस्ट १९२१ मध्ये आणि परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाऊ यांची जून १९२२ मध्ये अतिउजव्या मारेकऱ्यांनी हत्या केली. प्रजासत्ताक मोडले तर त्याच्या जागी कैसर परत येणार नाही; येईल ते यादवी युद्ध, हे स्ट्रेसमान यांना हळूहळू उमगत गेले. जुन्या साम्राज्याविषयीची ओढ त्यांनी कधी लपवली नाही. मात्र जर्मन ऐक्य टिकवायचे तर प्रजासत्ताकाखेरीज दुसरी चौकट उपलब्ध नाही, हे त्यांनी बुद्धीने स्वीकारले. अशा मंडळींसाठी जर्मन भाषेत त्या काळी विवेकाने झालेले प्रजासत्ताकवादी अशा अर्थाचा शब्दच रूढ झाला होता.

१९२३ हे वर्ष उजाडले तेच संकट घेऊन. युद्धखंडणीचा भाग असलेल्या लाकूड-कोळशाचा पुरवठा अपुरा झाला, हे कारण दाखवून जानेवारीत फ्रान्स आणि बेल्जियमच्या सैन्याने ऱ्हूर हा जर्मनीचा औद्योगिक प्रदेश ताब्यात घेतला. जर्मन सरकारने असहकार पुकारला. कामगारांनी काम थांबवले आणि त्यांच्या पगाराचा भार सरकारने उचलला. महसूल आटलेला, खर्च दुपटीचा. उपाय एकच, नोटा छापणे. सरकारी छापखाने पुरेनात म्हणून शंभराहून अधिक खासगी छापखाने त्या कामाला लावले गेले. महायुद्धापूर्वी एक डॉलर ४.२० मार्कांना मिळत असे. जानेवारी १९२३ मध्ये त्यासाठी सुमारे १८ हजार मार्क पडू लागले. ऑगस्टमध्ये हा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. पगार हाती पडताच लोक दुकानाकडे धाव घेत, कारण संध्याकाळपर्यंत त्याची किंमत उरत नसे. आयुष्यभराच्या बचतीत टपालाचे एक तिकीटही येईनासे झाले.

अशा स्थितीत १३ ऑगस्ट १९२३ रोजी स्ट्रेसमान चान्सलर झाले. उजवीकडे त्यांचा स्वतःचा उद्योजकांचा पक्ष आणि डावीकडे समाजवादी सोशल डेमोक्रॅट, अशी चार पक्षांची आघाडी त्यांनी जुळवली. २६ सप्टेंबरला त्यांनी ऱ्हूरमधील असहकार बिनशर्त मागे घेतला. त्या क्षणी जर्मनीत याहून अप्रिय निर्णय दुसरा नव्हता. राष्ट्रवाद्यांनी त्यांना देशद्रोही ठरवले. तथापि असहकाराचा खर्च थांबल्याशिवाय चलन सावरणे अशक्य होते, आणि चलन सावरल्याशिवाय देश एकसंध राहणे अशक्य होते.

पुढील दोन महिन्यांत एखादे सरकार कोसळण्यासाठी पुरेसे ठरेल असे सारे काही घडले. ऑक्टोबरमध्ये हॅम्बुर्गमध्ये कम्युनिस्टांचा उठाव झाला. ऱ्हाइनच्या परिसरात फुटीरतावाद्यांनी वेगळ्या राज्याची घोषणा केली. बव्हेरियाचे उजवे सरकार बर्लिनचे आदेश मानेनासे झाले आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री म्युनिकच्या एका बिअर हॉलमध्ये हिटलरने बंडाचा बार उडवला; दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात तो फुसका ठरला. याच गोंधळात १५ नोव्हेंबर रोजी रेंटेनमार्क हे नवे चलन बाजारात आले. अर्थमंत्री हान्स लुथर आणि चलन आयुक्त याल्मार शाख्त यांच्याकडे त्याची सूत्रे होती. या चलनामागे सोने नव्हते. शेतजमिनी आणि उद्योगांवर बसवलेला बोजा हे त्याचे कागदावरचे तारण होते. खरे तारण होते ते नोटांच्या संख्येवर घातलेली कठोर मर्यादा आणि सरकारला मिळणाऱ्या उचलीला लावलेला चाप. एका रेंटेनमार्कला एक लाख कोटी जुने मार्क, असा दर ठरला. एक डॉलर तेव्हा ४ लाख २० हजार कोटी मार्कांवर पोहोचला होता. बारा शून्ये उडवताच तो पुन्हा ४.२० वर आला. लोकांनी नव्या नोटांवर विश्वास ठेवला आणि चलनवाढ थांबली.

त्याची किंमत मात्र स्ट्रेसमान यांना लगेच मोजावी लागली. सॅक्सनी आणि थुरिंगियातील समाजवादी-कम्युनिस्ट सरकारांविरुद्ध त्यांनी लष्कर पाठवले, बंडखोर बव्हेरियाबाबत मात्र नरमाई दाखवली. हा दुजाभाव सोशल डेमोक्रॅटांना सहन झाला नाही आणि ते आघाडीतून बाहेर पडले. २३ नोव्हेंबरला स्ट्रेसमान यांनी उघडपणे विश्वासदर्शक ठराव मागितला आणि ते हरले. अध्यक्ष फ्रीडरिश एबर्ट स्वतः सोशल डेमोक्रॅट होते. सरकार पाडण्याचे कारण लोक काही आठवड्यांत विसरतील, पण या मूर्खपणाची फळे दहा वर्षे भोगावी लागतील, असे त्यांनी आपल्याच पक्षाला बजावले. एबर्ट यांचा हिशेब जवळपास अचूक ठरला.

चान्सलरपद १०३ दिवसांत गेले, परंतु परराष्ट्र खाते स्ट्रेसमान यांच्याकडेच राहिले. त्यानंतर चान्सलर आणि मंत्रिमंडळे बदलत राहिली. परराष्ट्रमंत्री मृत्यूपर्यंत तेच होते. जर्मनीची अर्थव्यवस्था हे जगाच्या दृष्टीने तिचे उरलेले एकमेव शस्त्र आहे, ही त्यांची धारणा होती. कर्जबाजारी देश बुडाला तर सावकारही बुडतो; तेव्हा जर्मनी सावरण्यात अमेरिकेचा आणि अखेर फ्रान्सचाही स्वार्थ गुंतवायचा, हे त्यांच्या धोरणाचे सूत्र होते. १९२४ च्या डॉज योजनेने ते साधले. युद्धखंडणीचा हप्ता पहिल्या वर्षी एक अब्ज सुवर्ण मार्क ठरला आणि तो टप्प्याटप्प्याने अडीच अब्जांपर्यंत जाणार होता. जोडीला जर्मनीला ८० कोटी सुवर्ण मार्कांचे आंतरराष्ट्रीय कर्ज मिळाले. ऱ्हूरमधून परकीय सैन्य ऑगस्ट १९२५ पर्यंत निघून गेले.

अमेरिकी भांडवलाचा ओघ सुरू झाला. नगरपालिकांनी घरे, पोहण्याचे तलाव, रुग्णालये बांधायला घेतली. बर्लिनच्या ब्रिट्स भागात वास्तुविशारद ब्रुनो ताउट यांच्या आराखड्यानुसार घोड्याच्या नालेच्या आकाराची प्रसिद्ध गृहवसाहत १९२५ पासून आकाराला आली. कामगाराच्या घरातही ऊन, वारा आणि बाग यावी हा तिच्यामागचा विचार. १९२७ मध्ये बेकारी विम्याचा कायदा झाला. १९२८ च्या सुमारास औद्योगिक उत्पादन महायुद्धापूर्वीच्या पातळीला पोहोचले.

या आर्थिक स्थैर्याच्या आधाराने बर्लिन युरोपची सांस्कृतिक राजधानी बनले. टॉमस मान यांची द मॅजिक माउंटन ही कादंबरी १९२४ मध्ये, फ्रिट्झ लांग यांचा मेट्रोपोलिस हा चित्रपट १९२७ मध्ये, तर बर्टोल्ट ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचे थ्री पेनी ऑपेरा हे नाटक ऑगस्ट १९२८ मध्ये आले. त्याच नाटकाच्या धाग्यावर पुढे पु. ल. देशपांडे यांनी मराठीत तीन पैशाचा तमाशा उभा केला. म्युनिकच्या एका चित्रपट कंपनीने हिमांशू रॉय यांच्यासमवेत प्रेम संन्यास हा मूकपट १९२५ मध्ये पूर्ण केला. त्याचे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांनीच पुढे मुंबईत बॉम्बे टॉकीजसाठी अछूत कन्या दिग्दर्शित केला. १९२८ मध्ये पुण्याहून इरावती कर्वे मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठी बर्लिनला गेल्या. मानवी कवटीच्या विषमतेचा वंशाशी संबंध नाही, हा त्यांच्या संशोधनाचा निष्कर्ष मार्गदर्शक प्राध्यापकाच्या अपेक्षेविरुद्ध होता. ते प्राध्यापक, ऑयगेन फिशर, पुढे नाझींच्या वंशधोरणाचे विद्वान पाठीराखे ठरले. एकाच शहरात प्रकाश आणि अंधार असे शेजारी नांदत होते.

स्वतः स्ट्रेसमान यांची आवड जुन्या वळणाची होती. गोएथे हा त्यांचा ध्यास. गोएथे आणि नेपोलियन या विषयावर त्यांनी १९२४ मध्ये एक व्याख्यान पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. नव्या चित्रकलेशी वा वास्तुकलेशी त्यांचे फारसे नाते नव्हते. किंबहुना त्यांच्याच एका निर्णयाचा फटका नवकलेला बसला. थुरिंगियातील डाव्या सरकारचा शेवट झाल्यावर फेब्रुवारी १९२४ च्या निवडणुकीत तेथे उजवे पक्ष सत्तेवर आले. त्यांनी वायमारमधील बाउहाउस या कलाशाळेचे अनुदान छाटले आणि १९२५ मध्ये ती शाळा डेसाउ येथे हलवावी लागली. स्थैर्य कोणाला मिळते आणि त्याची किंमत कोण चुकवते, याचे हे छोटेसे पण बोलके उदाहरण आहे.

परराष्ट्र धोरणातील त्यांचे सर्वांत मोठे यश म्हणजे लोकार्नो करार. ऑक्टोबर १९२५ मध्ये स्वित्झर्लंडमधील त्या लहानशा गावात स्ट्रेसमान, फ्रान्सचे अरिस्तिद ब्रियां आणि ब्रिटनचे ऑस्टिन चेंबरलेन एकत्र आले. तिढा सुटेना तेव्हा ही मंडळी सरोवरात नौकाविहाराला गेली आणि बोटीतच बोलणी पुढे सरकली. अल्सास-लॉरेनवरील दावा जर्मनीने सोडला. फ्रान्स आणि बेल्जियमशी असलेली पश्चिम सीमा परस्परांनी मान्य केली आणि ब्रिटन व इटली जामीन राहिले. सप्टेंबर १९२६ मध्ये जर्मनीला राष्ट्रसंघाचे सदस्यत्व मिळाले. त्याच वर्षीचे नोबेल शांतता पारितोषिक ब्रियां आणि स्ट्रेसमान यांना विभागून देण्यात आले.

अर्थात, त्यांना शांतिदूत म्हणून देव्हाऱ्यात बसवणे हा इतिहासावर अन्याय ठरेल. पोलंडलगतच्या पूर्व सीमेला त्यांनी कधीच मान्यता दिली नाही. ती आज ना उद्या बदलायची, हे त्यांचे उद्दिष्ट कायम होते. व्हर्साय तहाने बंदी घातलेली शस्त्रविद्या जर्मन लष्कर सोव्हिएत भूमीवर गुप्तपणे शिकत होते आणि स्ट्रेसमान त्याविषयी अनभिज्ञ नव्हते. नोबेल जाहीर झाले त्याच महिन्यात हे प्रकरण आधी ब्रिटिश वृत्तपत्रात आणि मग राइशस्टागमध्ये गाजले. माजी युवराजाला १९२५ मध्ये लिहिलेले त्यांचे एक पत्र मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी आपल्या सलोख्याच्या धोरणाचे वर्णन डावपेच अशा शब्दांत केल्याने, तो युरोपभक्त खरा की मुखवटा, हा वाद इतिहासकारांत अनेक दशके रंगला. राजनिष्ठाला समजावताना त्यांनी राजनिष्ठांची भाषा वापरली, एवढे तरी निश्चित म्हणता येईल. मात्र उद्दिष्टे जुनी असली तरी मार्ग नवा होता: युद्धाऐवजी वाटाघाटी. तेव्हाच्या युरोपात हा फरक छोटा नव्हता.

मायदेशी त्यांना दोन्हीकडून मार बसत होता. कम्युनिस्टांच्या लेखी ते भांडवलदारांचे वकील, तर राष्ट्रवाद्यांच्या लेखी फ्रेंचांचे हस्तक. पत्नीच्या ज्यू वंशावरून त्यांच्यावर हीन शब्दांत चिखलफेक होई. मध्यमवर्गाची बुडालेली बचत ही तर कधीच न भरलेली जखम होती. १९२५ च्या कायद्याने खासगी गहाणकर्जांना मूळ मूल्याच्या २५ टक्के आणि सरकारी रोख्यांना अवघे अडीच टक्के मोल मिळाले. देशासाठी युद्धकर्ज देणारा शिक्षक वा विधवा या प्रजासत्ताकाला आपले मानणार कशी? हीच माणसे स्ट्रेसमान यांच्या पक्षाची स्वाभाविक मतदार होती, आणि ती एकेक करून त्यांच्यापासून दूर जात होती.

सांस्कृतिक बहराचीही तीच कथा. मेट्रोपोलिसच्या खर्चाने खिळखिळी झालेली उफा ही चित्रपट कंपनी १९२७ मध्ये विकत घेतली ती आल्फ्रेड हुगेनबर्ग यांनी. अनेक वृत्तपत्रांचे मालक असलेले हे गृहस्थ प्रजासत्ताकाचे कट्टर वैरी होते. नाट्यगृहे नव्या विचारांनी गजबजली होती. पण छोट्या गावांपर्यंत पोहोचणारी वृत्तपत्रे आणि बातमीपट हळूहळू विरोधकांच्या हाती चालले होते.

दरम्यान स्ट्रेसमान यांचे शरीर साथ सोडू लागले होते. थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या विकारांनी ते पोखरले गेले. १९२८ च्या निवडणुकीनंतर सोशल डेमोक्रॅट हेरमान म्युलर यांच्या सरकारात सामील व्हायला त्यांचाच पक्ष कुरकुरत होता. आरोग्यधामात पडल्या पडल्या तारेने सूचना धाडून स्ट्रेसमान यांनी तो पेच सोडवला. त्या ऑगस्टमध्ये युद्धत्यागाच्या करारावर सही करण्यासाठी ते आजारी अवस्थेतच पॅरिसला गेले, तेव्हा रस्त्यावरच्या फ्रेंच नागरिकांनी त्यांचा जयजयकार केला. जर्मनीची भरभराट अल्पमुदतीच्या परकीय कर्जावर उभी आहे आणि सावकाराने हात आखडला तर ती कोसळेल, हा इशाराही ते याच काळात देत होते. ऑगस्ट १९२९ मध्ये हेग येथे त्यांनी ऱ्हाइनलँडमधील परकीय सैन्य ३० जून १९३० पर्यंत, म्हणजे मुदतीच्या पाच वर्षे आधी मागे घेण्याचे वचन मिळवले. त्याच्या मोबदल्यात स्वीकारलेल्या यंग योजनेविरुद्ध मात्र हुगेनबर्ग आणि हिटलर एकत्र येऊन सार्वमताची मोहीम चालवत होते. सप्टेंबरमध्ये जिनिव्हातील अखेरच्या भाषणात स्ट्रेसमान यांनी युरोपचे तुकडे तुकडे झालेले अर्थकारण मांडले आणि युरोपचे एक नाणे, एक टपाल तिकीट का असू नये, असा प्रश्न विचारला.

२ ऑक्टोबर १९२९ हा त्यांचा अखेरचा कामाचा दिवस. वाद होता बेकारी विम्याचा. वर्गणी वाढवायची की लाभ कमी करायचे, यावरून उद्योजक आणि कामगार पक्षांत जुंपली होती. डॉक्टरांचा सल्ला बाजूला सारून स्ट्रेसमान पक्षाच्या बैठकीला गेले आणि विरोधात मतदान न करता तटस्थ राहण्यास सदस्यांना राजी केले. सरकार वाचले. त्याच रात्री त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ३ ऑक्टोबरच्या पहाटे त्यांची प्राणज्योत मालवली.

पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. अमेरिकी कर्जे परत मागितली जाऊ लागली. मार्च १९३० मध्ये त्याच बेकारी विम्याच्या वर्गणीवरून, टक्क्याच्या एका अंशासाठी, आघाडी फुटली. दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवणारा माणूस आता नव्हता. त्यानंतर राइशस्टागमधील बहुमतावर चालणारे सरकार या प्रजासत्ताकाला लाभले नाही. मे १९२८ मध्ये २.६ टक्के मते मिळवणारा नाझी पक्ष सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्क्यांवर आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्क्यांवर पोहोचला. १९३३ मध्ये बाउहाउसला टाळे लागले, मान आणि ब्रेख्त परागंदा झाले. केटे स्ट्रेसमान आणि त्यांच्या दोन मुलांनाही देश सोडावा लागला. थोरले पुत्र वोल्फगांग महायुद्धानंतर परतले आणि बर्लिन फिलहार्मोनिक या विख्यात वाद्यवृंदाचे दीर्घकाळ संचालक राहिले.

स्ट्रेसमान जगले असते तर हिटलर आला नसता, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. एका आजारी माणसाच्या चतुराईवर जागतिक मंदी थोपवली जात नाही. पण त्यांच्या आयुष्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. लोकशाही केवळ तिच्यावर जन्मापासून प्रेम करणाऱ्यांच्या बळावर टिकत नाही. मनातून दुसरेच काही हवे असूनही तिचे नियम पाळणारे, विरोधकाशी बसून तोडगा काढणारे आणि त्यासाठी आपल्याच माणसांच्या शिव्या खाणारे लोक तिला पुरेशा संख्येने लागतात. वायमारच्या जर्मनीत कलावंत विपुल होते, शास्त्रज्ञ विपुल होते, काही वर्षे पैसाही होता. उणीव भासली ती अशा माणसांची.